न छापलेली दुरुस्ती

ज्या वृत्तमालिकेसाठी मला संसदीय वार्तांकनाचा पुरस्कार मिळाला, तिच्यात एकही आकडा चुकलेला नव्हता. प्रत्येक आकडा मी लोकसभेच्या नोंदींशी दोनदा ताडून पाहिला होता. तरीही त्या मालिकेने एका माणसावर अन्याय केला आणि हजारो वाचकांची दिशाभूल केली. हे मला पुरस्कार घेण्याच्या आधीच कळलं होतं. एवढं एक वाक्य कबूल करायला मला तेरा वर्षं लागली.

आता लिहायला बसलो त्याला निमित्त झालं. तशाच एका पुरस्कारासाठी यंदा मला परीक्षक म्हणून बोलावलं. प्रवेशिकांचा गठ्ठा घरी आला. त्यात चार जणांनी एकाच प्रकारचा तक्ता केला होता: खासदाराचं नाव, हजेरी, विचारलेले प्रश्न, चर्चेतला सहभाग, मांडलेली खासगी विधेयकं, शेवटी क्रमांक. मांडणी ओळखीची वाटली. नांदेडकडच्या एका तरुण मुलीने सोबतच्या पत्रात लिहिलं होतं की, सर, तुमची २०१२ची मालिका वाचून मी हे काम हाती घेतलं. मी गठ्ठा मिटून ठेवला आणि दोन दिवस त्याला हात लावला नाही.

मी २००४मध्ये दिल्लीला गेलो. विदर्भातल्या जिल्हा दैनिकाचा दिल्ली प्रतिनिधी म्हणजे एकट्याचा कारभार. रफी मार्गावरच्या आयएनएस इमारतीत देशभरातल्या प्रादेशिक वृत्तपत्रांच्या खोल्या आहेत. तिथे एका स्नेही दैनिकाच्या खोलीत मला एक टेबल मिळालं. मोठ्या वृत्तपत्रांकडे लोकसभेला एक, राज्यसभेला एक, प्रत्येक मोठ्या पक्षाला एक असे बातमीदार असायचे. मला संपादकांनी निघताना सांगितलं होतं, "देशाचं राजकारण एजन्सीवर येतं. तू आपल्या माणसांचं बघ." आपली माणसं म्हणजे महाराष्ट्राचे लोकसभेतले ४८ आणि राज्यसभेतले १९. हे काम लहान आहे असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही. मतदाराने निवडून दिलेला माणूस बाराशे-तेराशे किलोमीटरवर जाऊन काय करतो, हे त्याला सांगणारं दुसरं कोणी नसतं. म्हणूनच तिथे केलेली चूक पकडणारंही कोणी नसतं.

रोजचा क्रम ठरलेला. अकराला प्रेस गॅलरी. बारा वाजता प्रश्नोत्तराचा तास संपला की पब्लिकेशन काउंटरवर जाऊन उत्तरांचा गठ्ठा घ्यायचा. लोकसभेत एका दिवसाला २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न असतात. तारांकित प्रश्नाला मंत्री उभा राहून उत्तर देतो, त्यावर पुरवणी प्रश्न विचारता येतात आणि मंत्री तयारीत नसेल तर तो तिथेच उघडा पडतो. पण विसांपैकी पाच-सहा प्रश्न झाले तर तास चांगला गेला म्हणायचं. उरलेल्या तारांकितांची आणि सगळ्याच अतारांकितांची उत्तरं लेखी मिळतात, पटलावर ठेवली असं धरलं जातं. त्या गठ्ठ्यातून मी महाराष्ट्रातली नावं शोधायचो. दुपारी दोनपर्यंत तीन बातम्या तयार.

पहिली चूक याच वेगात झाली, आणि ती एकदाच झाली नाही. लोकसभेत नियम ३७७ खाली सदस्यांना आपापल्या भागातले विषय मांडता येतात. मजकूर छोटा, आधी दिलेला. गोंधळ चालू असला की अध्यक्ष सांगतात, सदस्यांनी आपला मजकूर पटलावर ठेवावा. सदस्य कागद देतो आणि त्याने विषय मांडला अशी नोंद होते. मला तो कागद खासदारांच्या सहायकाकडून सकाळीच मिळालेला असायचा. मी लिहायचो: "खासदारांनी लोकसभेत आवाज उठवला", "सरकारला धारेवर धरले", "कडाडून मागणी केली". सभागृहात तो माणूस एक शब्दही बोललेला नसायचा.

लोकसभेची वाहिनी २००६मध्ये सुरू झाली. त्यानंतर वर्ष-दीड वर्षाने मला कार्यालयाच्या पत्त्यावर एक पोस्टकार्ड आलं. निवृत्त शिक्षकाचं होतं, अक्षर मोत्यासारखं. त्यांनी लिहिलं होतं की आपल्या खासदारांनी परवा सिंचनावर लोकसभेत आवाज उठवला असे आपण छापले आहे. मी त्या दिवशी बारापासून सहापर्यंत दूरदर्शन संचासमोर होतो. ते मला बोलताना दिसले नाहीत. माझी नजर चुकली असल्यास कळवावे.

नजर त्यांची चुकली नव्हती. मी पोस्टकार्ड फायलीत लावलं आणि उत्तर दिलं नाही. दोन ओळी लिहायला काय हरकत होती? "आपले बरोबर आहे, मजकूर पटलावर ठेवला होता." पण मग आधीच्या तशा सगळ्या बातम्यांचं काय, हा प्रश्न आला असता. तो मला नको होता. त्या शिक्षकांनी नंतर कधी लिहिलं नाही. आमचं दैनिक वाचणं सोडलं की माझ्यावर विश्वास ठेवणं सोडलं, ते मला माहीत नाही.

दुसरी चूक रेल्वेची. २०१७पासून रेल्वेचा वेगळा अर्थसंकल्प राहिला नाही, पण तोवर तो दिवस आमच्यासारख्या बातमीदारांची दिवाळी असायचा. मंत्र्यांच्या भाषणात मार्गांच्या लांबच लांब याद्या. काही मार्गांचं सर्वेक्षण व्हायचं असे, काही योजना आयोगाकडे मंजुरीला पाठवायचे, काहींचं काम खरंच चालू असे. याद्या एकाखाली एक, नावं सगळी सारखीच दिसतात. खरं काय ते पिंक बुकात कळतं. तिथे प्रत्येक कामापुढे त्या वर्षाची तरतूद असते, आणि कित्येक कामांपुढे नाममात्र रक्कम असते. म्हणजे काम कागदावर जिवंत आहे, एवढंच. हे मला माहीत होतं. पण पुस्तक हातात पडायला दुपार उलटायची आणि मुख्य कार्यालयातून एक वाजल्यापासून फोन सुरू व्हायचे, "आपल्याला काय मिळालं?"

एका वर्षी आमच्या जिल्ह्यातल्या एका मार्गाचं नाव योजना आयोगाकडे पाठवायच्या यादीत होतं. मी बातमी दिली: मार्ग मंजूर. आठ कॉलम मथळा झाला. तालुक्याच्या गावी पेढे वाटले, फटाके वाजले, त्याचे फोटोही दुसऱ्या दिवशी आम्हीच छापले.

मंजुरी हा शब्द किती जड आहे, हे अहमदनगर-बीड-परळी मार्गाकडे बघून कळावं. २६१ किलोमीटरचा तो मार्ग १९९५-९६मध्ये खरोखर मंजूर झाला होता. बीडच्या लोकांनी गावात रेल्वे पाहिली ती १७ सप्टेंबर २०२५ला. ज्या मार्गाला मंजुरीच मिळालेली नाही त्याच्या नावाने मी लोकांना पेढे वाटायला लावले.

दोन वर्षांनी रेल्वे कृती समितीच्या एका कार्यकर्त्याचा फोन आला. आवाजात राग नव्हता. "दादा, मार्ग मंजूर झाल्याचं तुम्हीच लिहिलं होतं. त्या मंजुरीच्या कागदाची झेरॉक्स पाठवा ना. मोर्चा काढतोय, साहेबांना दाखवायची आहे." मी म्हणालो, शोधतो. शोधण्यासारखा कागदच नव्हता. मी त्याला खरं सांगितलं नाही. मोर्चा निघाला, आणि त्या लोकांच्या हातात माझ्या बातमीचं कात्रण होतं. ज्यांना निवेदन दिलं त्यांनी ते कात्रण बघून काय म्हटलं असेल, ते आठवलं की अजून जीव लहान होतो.

या दोन गोष्टी आधी सांगितल्या, कारण २०१२ची मालिका आभाळातून पडली नाही. सभागृहात नेमकं काय घडलं, याच्यापेक्षा बातमी कशी भरेल, हे बघायची सवय मला आधीच लागली होती.

२०१२चं पावसाळी अधिवेशन ८ ऑगस्टला सुरू झालं. कोळसा खाणवाटपावरचा कॅगचा अहवाल १७ तारखेला आला आणि त्यानंतर सभागृह जवळजवळ चाललंच नाही. अकराला भरायचं, घोषणा, बाराला तहकूब, दोनला तहकूब. त्याआधी २०१०चं हिवाळी अधिवेशन टूजी प्रकरणात असंच वाहून गेलं होतं. लोक चिडलेले होते, मीही चिडलेला होतो. मुख्य कार्यालयाला रोज मजकूर हवा होता. तेव्हा सुचलं की पंधराव्या लोकसभेच्या तीन वर्षांचा हिशोब मांडू. लोकांनी पाठवलेल्या ४८ जणांपैकी कोण काम करतं आणि कोण नाही.

तीन आठवडे मी रात्रंदिवस बसलो. मंत्री वगळले, कारण मंत्री प्रश्न विचारत नाहीत आणि हजेरीपटावर सहीही करत नाहीत. एवढी काळजी घेतली याचा मला अभिमान होता. बाकीच्यांना प्रश्नांचे गुण, चर्चेचे गुण, खासगी विधेयकांचे गुण. बेरीज करून क्रमांक लावले. सप्टेंबरात मालिका सुरू झाली. पहिल्या पाचांचं कौतुक एका भागात, तळच्या तिघांचा समाचार शेवटच्या भागात, फोटोंसकट. शेवटच्या भागाचा मथळा होता: "दिल्लीत जाऊन गप्प". तो मथळा माझा होता, डेस्कचा नव्हे.

मालिका गाजली. दुसऱ्या दैनिकांनी आकडे उचलले. गावोगावी पारावर तक्ता वाचला गेला. मला एवढी पत्रं आयुष्यात कधी आली नव्हती.

प्रश्न मोजून काम मोजता येत नाही, हे समजायला मला परदेशी जाऊन शिकायला नको होतं. २३ डिसेंबर २००५ रोजी मी प्रेस गॅलरीत बसलो होतो. पैसे घेऊन प्रश्न विचारल्याबद्दल त्या दिवशी संसदेने ११ सदस्यांना काढून टाकलं, लोकसभेच्या दहा आणि राज्यसभेच्या एकाला. त्यांत महाराष्ट्रातलेही होते. ती बातमी मी स्वतः लिहिली होती. प्रश्न सदस्याच्या नावावर लागतो, पण तो लिहिणारा हात दुसऱ्याचा असू शकतो, हे त्या दिवशी साऱ्या देशाने पाहिलं. आणि सात वर्षांनी मी प्रश्न मोजून गुण दिले.

पहिल्या पाचांतल्या एकाच्या सहायकाने मला नंतर चहा पिताना मोकळेपणाने सांगितलं की प्रश्न तो स्वतःच लिहितो, वर्तमानपत्रं चाळून, दर आठवड्याला ठरावीक संख्येने. साहेबांची सही असते. त्यात पैशाचा व्यवहार होता असं मला मुळीच म्हणायचं नाही. नव्हताच. पण साहेबांनी ते प्रश्न वाचले होते का, हे मी कधी विचारलं नव्हतं. आणखी एक गोष्ट तर कागदावरच दिसत होती. एकाच आशयाचे प्रश्न आले की ते एकत्र करून आठ-आठ, दहा-दहा सदस्यांची नावं एका प्रश्नावर घालतात. उत्तर एक, नावं दहा. माझ्या तक्त्यात ते दहा प्रश्न झाले होते.

खासगी विधेयकांचं तर काय सांगू. स्वातंत्र्यानंतर संसदेने मंजूर केलेली खासगी विधेयकं सगळी मिळून १४, आणि त्यातलं शेवटचं १९७०मधलं. विधेयक मांडणं म्हणजे बहुतेक वेळा शुक्रवारी दुपारी शीर्षक वाचून परवानगी मागणं. कोणी एका दिवशी तीन मांडली, मी तिन्हींचे गुण दिले.

आणि ज्याचं मला सर्वांत वाईट वाटतं ते हे. त्याच ऑगस्टमध्ये, ९ तारखेला, कृषिविषयक स्थायी समितीचा जनुकीय बदल केलेल्या पिकांवरचा अहवाल संसदेत आला. वासुदेव आचार्य अध्यक्ष, सगळ्या पक्षांचे सदस्य, आणि अहवाल एकमताचा. त्यासाठी ही समिती मार्च महिन्यात यवतमाळ जिल्ह्यात येऊन गेली होती, मारेगाव आणि भांबराजाला. बीटी कापसाने या गावांचं भलं झालं असं वर्तमानपत्रांत छापून आलं होतं. समितीचे सदस्य त्याच गावांत जाऊन शेतकऱ्यांशी आणि आत्महत्या झालेल्या घरांतल्या बायकांशी बोलले. संसद चालून आमच्या दारी आली होती. कापूस पिकवणाऱ्या वाचकांच्या दैनिकाचा मी संसदेतला प्रतिनिधी. त्या अहवालाची बातमी मी एजन्सीच्या मजकुरावरून बारा ओळींत दिली आणि थोड्याच दिवसांत प्रश्न मोजायला बसलो.

मालिका संपून महिना झाला असेल. एका सकाळी तळच्या तिघांतल्या एका खासदारांचा फोन आला. वयाने माझ्या वडिलांएवढे. त्यांचं नाव इथे लिहीत नाही.

"नमस्कार. मालिका वाचली. आकडे बरोबर आहेत तुमचे."

मी म्हणालो, "साहेब, तुमची बाजू असेल तर पाठवा, छापतो."

"बाजू कसली? समितीच्या खोलीत झालेलं आम्ही बाहेर सांगायचं नसतं. तुम्हाला ठाऊक आहेच." जरा थांबले. "अहवाल येतात ना तुमच्याकडे? त्यांची शेवटची पानं बघा कधी वेळ झाला तर. बरं, ठेवतो."

मला तो बचाव वाटला. गप्प बसणारा माणूस आणखी काय बोलणार, असं मनाशी म्हणालो. तीन आठवडे मी काही केलं नाही. मग अधिवेशनाच्या आधी टेबलाखालची रद्दी काढत होतो. स्थायी समित्यांचे अहवाल माझ्याच टेबलाखाली पडून होते, तीन वर्षांचे. पब्लिकेशन काउंटरवरून आणायचो, शिफारशींचं पान उलटायचो, बातमी झाली तर झाली. शेवटच्या पानांपर्यंत मी कधी गेलोच नव्हतो.

स्थायी समित्यांची रचना सगळ्यांना माहीत नसते, म्हणून थोडक्यात सांगतो. १९९३मध्ये शिवराज पाटील लोकसभेचे अध्यक्ष असताना मंत्रालयांनुसार स्थायी समित्या सुरू झाल्या. आता त्या २४ आहेत. प्रत्येकीत लोकसभेचे २१ आणि राज्यसभेचे १० सदस्य. विधेयकं तिथे कलमाकलमाने वाचली जातात, सचिवांना समोर बसवून खर्चाचा हिशोब विचारला जातो. दारं बंद असतात, कॅमेरा नसतो, त्यामुळे कोणी ओरडत नाही. अहवाल सभागृहात येईपर्यंत तिथली चर्चा बाहेर फोडणं हा विशेषाधिकाराचा भंग ठरतो. म्हणजे जो माणूस खरं काम तिथे करतो, त्याला ते सांगून टाळ्या मिळवण्याची मुभाच नसते. त्याने तसं केलं नाही, यासाठी मी त्याला गप्प म्हटलं होतं.

अहवालाच्या शेवटी बैठकांची इतिवृत्तं जोडलेली असतात, आणि प्रत्येक इतिवृत्ताच्या सुरुवातीला हजर सदस्यांची यादी. मी खाली फरशीवर बसून एकेक अहवाल उघडत गेलो. त्या खासदारांचं नाव जवळजवळ प्रत्येक बैठकीत होतं. अधिवेशन चालू नसताना, उन्हाळ्यात, मतदारसंघातल्या लग्नसराईत सुद्धा. माझ्या पहिल्या पाचांतली काही नावं त्या यादीत क्वचितच दिसत होती. एका अहवालाला या गृहस्थांनी दोन पानी भिन्नमत जोडलं होतं, स्वतःच्याच पक्षाच्या मंत्रालयाविरुद्ध. विषय सांगितला तर माणूस ओळखू येईल, म्हणून सांगत नाही. एवढंच सांगतो की विषय आमच्या भागातल्या शेतकऱ्याच्या पोटाचा होता, आणि ती दोन पानं मी लिहिलेल्या कुठल्याही बातमीपेक्षा चांगली लिहिलेली होती.

त्याच रात्री मी दुरुस्ती लिहिली, दोन कॉलमांची. संपादकांना फोन केला. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "यात खोटं काय छापलंय आपण?" मी म्हणालो, खोटं काही नाही. "मग दुरुस्ती कशाची?" त्यांच्यापाशी उत्तर मागायला गेलो होतो, उत्तर मला स्वतःला देता आलं नाही. पुरस्कारासाठी मालिका पाठवून झाली होती, हेही ते म्हणाले. मी आग्रह धरला नाही. राजीनामा टेबलावर ठेवायचा तो प्रसंग होता, असं नव्हे. नुसता दुसऱ्यांदा फोन केला असता तरी कदाचित छापली असती. मी दुसऱ्यांदा फोन केला नाही. पुरस्कार मला हवा होता.

संसदेतल्या कामकाजाचं वार्तांकन करणाऱ्याला कायद्याचं संरक्षण आहे. ते मिळवून दिलं फिरोज गांधींनी, १९५६मध्ये, खासगी विधेयक आणून. सभागृहात जे घडलं त्याचा बऱ्याच अंशी खरा वृत्तान्त, मनात द्वेष न ठेवता छापला, तर छापणाऱ्यावर खटला चालत नाही. आणीबाणीत तो कायदा रद्द झाला, १९७७मध्ये पुन्हा आला. त्या कायद्याच्या मापाने माझी मालिका पूर्ण सुरक्षित होती. पण ज्यांनी हे संरक्षण दिलं ते फिरोज गांधी लोकसभेत आल्यावर सुरुवातीची वर्षं मागच्या बाकावर शांत बसलेले असत. डिसेंबर १९५५मध्ये ते खासगी विमा कंपन्यांच्या गैरव्यवहारावर बोलायला उभे राहिले, आणि पुढच्याच महिन्यात सरकारने आयुर्विमा ताब्यात घेतला. १९५५च्या ऑगस्टमध्ये मी तक्ता केला असता, तर त्यांचाही फोटो तळाशी आला असता.

६ जानेवारी २०१३. बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२मध्ये याच तारखेला 'दर्पण' काढलं, म्हणून आपल्याकडे तो पत्रकारांचा दिवस. शाल, श्रीफळ, मानचिन्ह, धनादेश. मानपत्रात लिहिलं होतं की या मालिकेने लोकप्रतिनिधींना आरसा दाखवला. मी सत्काराला उत्तर देताना बॅ. नाथ पै, मधू दंडवते, मधू लिमये यांची नावं घेतली, ते खासदार आता कुठे राहिले, असं म्हणालो. टाळ्या पडल्या. बोलता बोलता मला आत कुठेतरी टोचलं. नाथ पैंनी १९६७मध्ये, गोलकनाथ खटल्याच्या निकालानंतर, संसदेचा घटनादुरुस्तीचा अधिकार परत मिळावा म्हणून खासगी विधेयक मांडलं. देशभर त्यावर वाद झाला, ते संयुक्त समितीकडे गेलं, पण त्यांच्या हयातीत मंजूर झालं नाही. जानेवारी १९७१मध्ये ते गेले. त्याच वर्षी चोविसाव्या घटनादुरुस्तीने तो अधिकार संसदेला मिळाला. माझ्या तक्त्यात त्यांच्यापुढे काय आलं असतं? मांडलेली विधेयकं एवढी, बस्स. व्यासपीठावर उभं राहून ज्यांची थोरवी मी सांगत होतो, ती मोजायची पट्टीच माझ्याकडे नव्हती. हे तेव्हा, त्या क्षणी सांगता आलं असतं. माईक हातात होता. मी आभार मानून खाली बसलो.

२०१४ला त्या खासदारांना तिकीट मिळालं नाही. माझ्यामुळे, असं मी म्हणणार नाही. तिकिटं अनेक कारणांनी कापली जातात. पण पक्षातल्या दुसऱ्या गटाने "दिल्लीत जाऊन गप्प" या भागाच्या झेरॉक्स काढून वाटल्या होत्या. त्यातली एक मी पाहिली. कोपऱ्यात माझा छोटा फोटो होता.

त्यानंतर मी अहवाल शेवटच्या पानापासून वाचायला लागलो, पटलावर ठेवलेल्या मजकुराला पटलावर ठेवलेला म्हणायला लागलो. बातम्या कमी झाल्या, मथळे लहान झाले. त्याबद्दल मला कोणी पुरस्कार दिला नाही आणि तो मागायचा हक्कही मला नव्हता. नव्या संसद भवनात आता जुन्या सेंट्रल हॉलसारखी सदस्यांशी बसून बोलायची जागा राहिली नाही, कोविडनंतर प्रेस गॅलरीचे पासही कमी झाले. प्रादेशिक दैनिकाचा माणूस आता आणखीच आकड्यांवर विसंबतो. त्या चार प्रवेशिकांचं मला आश्चर्य वाटलं नाही, ते यामुळेच.

नांदेडच्या त्या मुलीला मी फोन केला. तिचं काम बारीक होतं, माझ्यापेक्षा बारीक. मी तिला माझी सगळी हकिगत सांगितली. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "सर, मग हे तुम्ही आधी का नाही लिहिलं? मी आठ महिने घालवले." तिला द्यायला माझ्यापाशी उत्तर नव्हतं. परीक्षक मंडळाला मी पत्र लिहून सगळं कळवलं आणि परीक्षणातून बाजूला झालो.

मग मी त्या खासदारांच्या गावी गेलो. ते गेले त्याला आता काही वर्षं झाली. मुलगा शेती बघतो. ओसरीवर बसलो, चहा आला. मी कोण ते सांगितलं. त्याला माहीत होतं. आतल्या खोलीत लोखंडी कपाटात समितीचे अहवाल ओळीने लावलेले होते. त्याने एक काढून हातात दिला. समासात पेन्सिलीने बारीक अक्षरात प्रश्न लिहिलेले होते, सचिवांना विचारायचे. काहींपुढे बरोबरची खूण, काहींपुढे "पुन्हा विचारणे". मी पानं उलटत राहिलो. ती अक्षरं मला किती वेळ वाचू दिली त्याने, मध्ये एकदाही बोलला नाही.

मी खिशातून जुना कागद काढला, २०१२ची ती दुरुस्ती. म्हणालो, ही आता छापायची आहे, तुमच्या वडिलांच्या नावासह, तुमची परवानगी हवी.

त्याने कागद वाचला, नीट घडी घातली आणि परत दिला.

"नको," तो म्हणाला. "एकदा छापलंत तेवढं पुरे."